ये आणि येतो

पहिला शब्द बस.
चिमटीत पोळीचा तुकडा धरायचा,
तिच्या नाकावरून हळूच मागे न्यायचा,
नाक वर गेलं की मागची बाजू आपोआप टेकते.
हे मला तळजाईवर भेटणाऱ्या बेहेऱ्यांनी सांगितलं,
ज्यांचा कुत्रा त्यांचं काहीही ऐकत नाही.

चार दिवसांत खारीक बसायला लागली.
पाचव्या दिवशी जेवताना मी म्हटलं, बस, आता भात नको,
आणि ती बसली.
फोनवर म्हटलं, स्वारगेटची बस चुकली,
तरी बसली,
शेपटीने फरशी झाडत.
मी मुद्रितं तपासून पोट भरते,
एका शब्दाचे तीन अर्थ मला रोज भेटतात,
पण त्यांच्यासाठी कुणी तीनदा बसलेलं पाहिलं नव्हतं.
दिली पोळी. तिन्ही वेळा.

फिरायला हा शब्द शिकवावा नाही लागला,
लपवावा लागला.
उच्चारला की पट्टा तोंडात आणि दाराशी नाच,
घरात पाहुणे असोत, बाहेर टळटळीत दुपार असो.
हेरंब म्हणाला, आपण भ्रमण म्हणू.
भ्रमण आठवडाभर टिकलं.
मग विहार. मग पर्यटन.
शेवटी त्याने कोश उघडून चंक्रमण काढलं
आणि खारकेने त्यालाही कान टवकारले.
सहकारनगरच्या आमच्या जिन्यात
एवढं संस्कृत दुसऱ्या कुणाला येत नसेल.

मग ये.
एकच अक्षर, तोंड जेमतेम उघडतं.
टेकडीवर मोरामागे सुटलेली ती
अर्ध्या धावेत वळायची, माती उडवत.
बेहेरे म्हणाले, या शब्दाशी खोटं बोलू नका.
ये म्हणून बोलावलं आणि आंघोळ घातली, असं नको.
मी पाळलं ते.

गुरुवार होता, नळाला पाणी नव्हतं,
पॅसेजमध्ये आदल्या रात्रीच्या भरलेल्या बादल्या.
त्यांतून वाट काढत हेरंब दोन बॅगा घेऊन निघाला
आणि दारात बूट चढवताना, सवयीने,
म्हणाला, येतो.

आपल्यात जातो म्हणत नाहीत.
मला आईने चापट मारून शिकवलं होतं,
जाते नाही म्हणायचं गं, येते म्हण.
खारकेला हे कुणी शिकवलं नव्हतं.
तिला त्यातलं ये ऐकू आलं.
ती उठली, त्याच्यापर्यंत गेली,
शिकवल्यासारखी समोर बसली.
त्याने खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं.
डोक्यावरून हात फिरवला तिच्या
आणि जिना उतरला.

मग अकरा दिवस ती पायपुसण्यावर.
पोळी तिथे, पाणी तिथे.
मला सांगायचं होतं तिला,
पण बाणेर कसं शिकवतात?
शिवाजीनगरला कोर्टाची तारीख आहे,
याला कुठला तुकडा नाकासमोर धरायचा?
साधं उद्यासुद्धा कुत्र्याला कळत नाही.
बेहेऱ्यांना विचारलं मी.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शेवटी मी प्रुफावर करते तेच केलं,
शब्द तसाच ठेवला, पुढचं वाक्य दुरुस्त केलं.
येते म्हणायचं, दार ओढायचं,
दहा आकडे मोजायचे, आत यायचं. पोळी.
येते, एक मजला. पोळी.
येते, खाली गाडगिळांच्या स्कूटरपर्यंत.
वरखाली करताना पाहून तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या,
काही हरवलंय का हो तुमचं?
नाही, म्हटलं, शिकवणी चालू आहे.
येते, कोपऱ्यावरची डेअरी.

काल डेअरीत सुट्ट्या पैशांवरून भांडण,
वीस मिनिटं गेली.
दह्याची पिशवी घेऊन धावत वर आले,
कुलूप उघडलं.
पायपुसणं रिकामं.
खारीक आतल्या खोलीत, त्याच्या खुर्चीखाली,
उताणी, चारही पाय हवेत, चक्क घोरत होती.
आले, म्हटलं मी.
हा शब्द शिकवायचा राहिलाय.
एक कान हलला फक्त.

दही ठिबकत होतं पायावर,
आणि खरं सांगू,
मला जरा रागच आला.