पांढऱ्याच्या आधी

पांढऱ्यावर पांढरा लावायचा नसतो,
हे मला विल्फ होलरॉइडनं शिकवलं,
स्किप्टनला, त्याच्या गॅरेजात,
पायाशी हीटर, काचेपलीकडे फेब्रुवारी.
आधी राखाडी, चिमूटभर माती घालून.
मग ताकासारखा. मग कण्यांच्या पेजेसारखा.
आणि अगदी शेवटी, खांद्याच्या कडेवर, गुडघ्याच्या टोकावर,
ऊन पडेल तेवढ्याच जागी
खरा पांढरा,
पंगतीतल्या तुपासारखा मोजून.

माझा हात लवकर बसला.
एकतीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये काढली,
शेजारच्या दाताला जुळणाऱ्या कॅप बनवत.
आमच्या पट्टीवर सोळा पांढरे टांगलेले असत
आणि त्यांतला एकही पांढरा नव्हता.
विल्फचं तारुण्य ब्रॅडफर्डच्या गिरणीत, लोकर निवडण्यात गेलं.
अजून चिमटीत धरून सांगतो,
ही मेंढीच्या मानेची, ही मांडीची.

ऑस्ट्रियाचं पायदळ, अठराशे नऊ.
बोटाच्या पेराएवढे दोनशे सोळा शिपाई
वाइनच्या बुचांवर चिकटवलेले.
युद्धावर जायला पांढरं का, मी विचारलं.
रंगवायचा खर्च वाचतो, तो म्हणाला.
मग मी त्याला 'पांढरपेशा' समजावून सांगायला गेले:
ज्याच्या कपड्यांना माती लागत नाही असा माणूस.
त्यानं हातातल्या शिपायाकडे पाहिलं.
याला नको सांगूस, म्हणाला.

शरदात मला कंबरेनं धरलं, जाणं झालं नाही.
तीन कंपन्या त्यानं एकट्यानं रंगवल्या.
डिसेंबरात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
आणि चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन:
ये. आत्ताच ये.

टेबलावर सगळे रांगेत.
त्यानं डावा डोळा तळव्यानं झाकला: पिवळे.
उजवा झाकला: पांढरे.
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
लहान मूल दिव्याचं बटण खेळवतं तसा
तो आपलंच सैन्य बदलत राहिला.

तुला दिसत होतं?

ऑक्टोबरात तो काही शिपाई माझ्या घरी घेऊन आला होता.
पिवळे होते, जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखे.
हातभर अंतरावरून कॅप नापास करणारी मी,
छान झालेत म्हणाले होते.
तुझ्या गॅरेजात उजेड कमी आहे, आता म्हणाले.
तो काही बोलला नाही.

रात्री बर्फ पडला होता.
समोरच्या उतारावर मेंढ्या होत्या,
उन्हाळाभर पांढऱ्याफेक दिसणाऱ्या,
आज बर्फात मळकट, पिवळसर,
आणि त्यांचं त्यांना काहीच नव्हतं.
विल्फ बराच वेळ तिकडे बघत राहिला,
नव्या डोळ्यानं, मग जुन्या.

मग त्या तीन कंपन्या उचलून त्यानं मागच्या रांगांत लावल्या.
हे मागून चालतात, म्हणाला. पुढच्यांची धूळ खातात.
पुन्हा रंगवायचे नाहीत?
इतकं चालून आलेत, आता कशाला.

आणि माझ्याकडे वळून, तळवा अजून डाव्या डोळ्यावर,
तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?

आधी राखाडी, मी म्हटलं.
मग ताकासारखे.

तो हसला, आणि पांढऱ्याच्या डबीचं झाकण शोधू लागला.
समोरच होतं.