एकशे सत्तर वॅट

वाल्मीक परीट तिसऱ्यांदा इस्त्री घेऊन आला.
आदळली नाही, काउंटरवर हळूच ठेवली.
"ताई, कॉइल बदलली म्हणता,
मग तापत का नाही?"

मीटरच्या पिना लावल्या. बावन्न पॉइंट नऊ ओहम.
हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध एवढाच हवा.
प्लग लावला. दोन मिनिटांत
पाण्याचा थेंब तिच्यावर नाचून उडाला.
"इथं तापते हो," तो म्हणाला,
"माझ्याकडं रुसते."

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीसच्या मागे,
बंद छापखान्याच्या भिंतीला त्याचं टेबल,
जुन्या चादरींचे चार थर,
कंपनीच्या निळ्या शर्टांची चळत,
कॉलरच्या आत शाईच्या खुणा,
ज्या त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत.
वीज समोरच्या धोत्र्यांच्या मीटरवरून,
महिन्याला ठरलेले पैसे.

इस्त्री चालू ठेवून मोजलं.
एकशे ऐंशी व्होल्ट.
क्लॅम्प मीटर एकाच तारेभोवती धरायचा असतो,
दोन्ही एकत्र धरल्या तर
जाणारी आणि येणारी एकमेकींना खोडतात,
आकडा शून्य.
एक तार मोकळी केली. तीन पॉइंट चार अँपिअर.

त्याच्याच बिलबुकाच्या पाठीवर भागाकार:
एकशे ऐंशी भागिले तीन पॉइंट चार,
बावन्न पॉइंट नऊ.
म्हणजे इस्त्री दुकानात जे बोलली तेच इथे बोलतेय.
मग गुणाकार: सहाशे बारा.
"हजारातले सहाशे बाराच पोचतात तुमच्यापर्यंत."
वाल्मीक हसला. "कंपनीत होतो तेव्हा
पगार पण असाच पोचायचा."

धोत्र्यांच्या मीटरपाशी दोनशे तीस. भरपूर.
मधे चाळीस पावलांची वायर
आणि तेवढ्यात पन्नास व्होल्ट गायब.

गायब काही होत नसतं.
जो प्रवाह इस्त्रीतून, तोच वायरीतून,
पन्नास भागिले तीन पॉइंट चार:
चौदा पॉइंट सात.
चाळीस पावलांच्या तांब्याचा रोध अर्धा ओहमही भरणार नाही.
कुणीतरी वाटेत आडवं पडलंय.

पत्र्याखाली सापडला. जोड.
दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर काळी टेप,
टेप पाकासारखी ओघळलेली,
मागची वीट तपकिरी.
हात जवळ नेला आणि मागे घेतला.
ही दुसरी इस्त्री होती,
दिवसभर भिंतीला इस्त्री करणारी.

पन्नास गुणिले तीन पॉइंट चार: एकशे सत्तर.
सहाशे बारा अधिक एकशे सत्तर, सातशे ब्याऐंशी.
दोनशे तीस गुणिले तीन पॉइंट चार,
तेही सातशे ब्याऐंशी.
हातचा एकही उरला नाही.

"म्हणजे धोत्र्यांच्या बिलात माझी भिंत पण होती,"
वाल्मीक म्हणाला, आणि मग जरा थांबून,
"आग लागली असती, नाही?"
मी हो म्हटलं.
"हा जोड कुणी मारला होता?"

तो शर्टांच्या घड्या सारख्या करत राहिला.
"तुमच्या वडिलांनीच.
लग्नाचे कपडे होते, घाई होती माझी.
सोल्डर नंतर करतो म्हणाले.
नंतर मीच विसरलो आठवण करायला."

मेन बंद केला. तारा कापल्या, घासल्या,
तांबं उजळेपर्यंत.
शिसं वितळून चांदीसारखं पसरलं.
मेन चालू. दोनशे अठ्ठावीस.
पहिल्याच निळ्या शर्टाच्या बाहीवर
घडी अशी बसली की बोट कापावं.

रात्री जेवताना वडिलांनी विचारलं,
"काय निघालं त्या परटाकडे?"
"लूज कनेक्शन."
कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ताटातली वाटी शोधली,
भाकरी मोडली.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"सोल्डर केलंस ना?"