इस्त्रीखालचं कापड

माधवनगरच्या फाट्यावर माझं इस्त्रीचं खोकं.
रंगरावदादांचे कपडे बावीस वर्षं इथंच,
कांजी कडक, कॉलर उभी.
खिशात राहिलेलं मी काढून डब्यात ठेवते:
सुपारीचं खांड, लग्नपत्रिकेचा कोपरा,
एकदा कुणाचा तरी बदलीचा अर्ज, भिजून लगदा झालेला.

मतमोजणीच्या दिवशी दुपारी दोनलाच
मार्केट यार्डाकडनं गुलालाचे ट्रॅक्टर आले.
आमचे नव्हते.
सोळाशे बारा मतांनी.
आकडा आमच्या ह्यांनी तीनदा विचारला,
जसं मयताचं वय विचारतात.

मग आठ दिवस दादांचा एक सदरा आला नाही.
हरलेला माणूस कपडे मळवत नसेल, असं मला वाटलं.
हे मात्र रोज बंगल्यावर जायचे,
बाहेरच्या बाकावर बसून परत यायचे,
"दादा विचारात आहेत" म्हणायचे
आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे.

नवव्या दिवशी रात्री सिकंदर ड्रायव्हर आला.
एकदम अकरा सदरे, अकरा पायजमे.
"सकाळी सहाला पाहिजेत वहिनी, मुंबईला जायचंय."
गठ्ठ्याच्या तळाशी ते उपरणं होतं,
जुनं,
प्रत्येक सभेत गळ्यात असलेलं.
"ह्याला किती कडक करू?"
सिकंदरनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"ते राहू दे तुझ्याकडंच. इस्त्रीखाली घालायला होईल."

कापड चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.
चौघडी घालून टेबलावर अंथरलं.

ह्यांना सांगायचं कसं?
ह्या रंगापायी अकरा वर्षं सख्ख्या भावाशी अबोला.
महिपती भावजी त्या पक्षाचे,
म्हणून मधल्या बोळात भिंत घातली.
पोरीच्या लग्नात त्यांचं ताट आमच्या पंगतीत नव्हतं.
सासूबाई गेल्या तेव्हा खांदा दोघांनी दिला,
पण एक पुढं, एक मागं,
आणि मधी आई.

उद्या दादा महिपती भावजींच्या पक्षात.
भिंत आमच्याकडंच.

रात्रभर कोळसा फुंकला.
पाणी शिंपडायचं, दाबायचं, उलटायचं.
पहाटे शेवटचा सदरा उचलला तर
पाठीवर तळहाताएवढा फिकट डाग.
खालच्या उपरण्यानं रंग सोडलेला.
इतकी वर्षं धुण्यात कधी उतरला नाही,
तो आत्ता उतरला.
हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो,
उन्हात घातला की आपोआप जातो,
हे सांगलीत शेंबडं पोरही जाणतं.
ह्या डागाचं मला काही माहीत नव्हतं.

सिकंदरला दाखवला.
त्यानं सदरा वळवून बघितला, हसला.
"असू दे वहिनी. वरनं नवं उपरणं येतंय की."

दुपारी टीव्हीवर प्रवेश दाखवला.
दादा ताठ. कॉलर माझ्या हातची.
कुणीतरी गळ्यात नवं कापड टाकलं.
हे बघत होते, आवाज बंद करून.

मग उठून बाहेर गेले,
बोळातल्या भिंतीपाशी उभे राहिले,
एक पोपडा नखानं काढला.
पलीकडनं महिपती भावजींचा खोकला आला.

"आत या," मी म्हटलं, "चहा झालाय."

"किती कप केलास?" त्यांनी विचारलं.