साँस रोको

पहाटे पावणेपाच. लष्करात अजून कूलर घरघरताहेत.
स्कूटीवर ट्रायपॉड आडवा, पाठीवर कॅमेरा,
डिकीत एक कांदा, लू लागू नये म्हणून,
आणि बर्फाच्या बाटलीला गुंडाळलेला पंचा. तो कॅमेऱ्यासाठी.
नितेश कुशवाह म्हणतो,
"मॅडम, सेन्सर को भी लू लगती है."

तिघऱ्याचं पाणी मे महिन्यात इतकं मागे सरलंय
की भिंतीवर त्याच्या जुन्या उंच्या दिसतात,
चहाच्या पातेल्याला आतून रेघा राहतात तशा.

चौतीस वर्षं मी एक्स-रेच्या खोलीत काढली.
बरगड्या, मणके, पोरांनी गिळलेल्या चवन्न्या.
"सीधे खड़े रहिए. साँस रोको. छोड़ो."
एवढ्या तीन वाक्यांवर आज पेन्शन मिळते.
उजेड मोजायला मी नवखी नाही.
पण तो उजेड आरपार जायचा,
हा आपटतो वस्तूंवर आणि माघारी येतो.
दहा वाजता तर नुसता आपटतच राहतो.

नितेश तेवीस वर्षांचा.
लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी मला शिकवतो.
स्क्रीनवरचा तो काळा डोंगर दाखवून म्हणतो,
डावीकडे टेकला तर सावल्या गेल्या,
उजवीकडे टेकला तर आकाश गेलं.
गेलं म्हणजे?
"रॉ में थोड़ा लौट आता है, मॅडम."
आमच्या फिल्मवर गेलं ते गेलं.

मागच्या आठवड्यात किल्ला झाला.
एक फोटो आभाळाचा, एक भिंतीचा,
एक खालच्या अंधारातल्या घरांचा,
मग तिघांना एकमेकांत बसवायचं.
आम्हा तिघी जावांना हे कधी जमलं नाही.

आज काळी काच आहे.
दोन हजार आठशेची, दाल बाजारातल्या एका गृहस्थाकडून, वापरलेली.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला,
"आई, तू अंधारासाठी पैसे देतेस?"

काच बसवली. वायर लावली. तीस सेकंद.
बटण दाबलं आणि तोंडून निघालंच,
साँस रोको.
नितेशने दचकून मागे पाहिलं.
पाण्यात एक म्हैस होती, पोटापर्यंत.
जाळं खांद्यावर टाकून एक माणूस
काठाकाठाने चालत गेला, या टोकाकडून त्या टोकाला.

लगेच काही दिसत नाही.
तीस सेकंद बघून झालं की कॅमेरा
झाकण लावल्यासारखा आणखी तीस सेकंद अंधार बघतो.
उन्हाळ्यात सेन्सरला घामोळं येतं,
लाल निळे ठिपके,
ते कुठे कुठे उठलंय ते आधी स्वतःच्या काळोखात मोजायचं,
मग चित्रातून वजा करायचं.
हे मला कुणी तिसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

फोटो आला.
पाण्याची मलई झालेली, मला नाही आवडली.
म्हैस अख्खी, कान तेवढे पुसट.
माणूस नाहीच.
"रुका नहीं ना," नितेश म्हणाला.

मला हे ठाऊक होतं.
हललेल्या पोरांच्या प्लेटवर मी लाल पेन्सिलीने
'रिपीट' लिहायचे.

तो परत आला तेव्हा विडी पेटवत होता.
"आया क्या मैं?"
नाही भैया. थांबावं लागेल. तीस सेकंद.
त्याने विडी विझवून कानामागे खोचली.
जाळं सावरलं, हनुवटी वर, छाती पुढे,
खांदे मी सांगायचे तसे किंचित पुढे झुकवलेले.
कधीतरी उभा राहिला असेल माझ्यासमोर,
की दम्याची माणसं अशीच उभी राहतात?

साँस रोको, म्हटलं.
मोजत होते.
वीसच्या पुढे पलीकडचा काठ उन्हाने थरथरू लागला,
म्हशीने मान वळवली.
तीस झाले.
कॅमेरा आत वळून आपला अंधार बघू लागला,
मीही त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले
आणि नितेश हळूच म्हणाला,
"मॅडम, उनको छोड़ो तो बोलिए."