छपाई बाकी आहे

घरकुलाचे पैसे स्लॅबपर्यंत पुरले.
भिंती उघड्याच राहिल्या,
विटांच्या सांधीतून सिमेंटचे ओघळ वाळलेले,
लेकराचं नाक पुसायचं राहून जावं तसे.

कवडू सेंट्रिंगच्या कामाला जातो,
राळेगाव, कळंब, मिळेल तिथे.
संध्याकाळी त्याच्या डब्यात खिळे असतात,
फळ्यांतून उपसलेले, वाकलेले, सिमेंट खाल्लेले.
मी ते दगडावर धरून जुन्या बोल्टाने ठोकते.
(वरवंटा घेतला असता, पण तो सासूचा आहे.)
वाकलेला खिळा पुन्हा पुरता सरळ होत नाही,
कुठे वाकलो होतो ते त्याला आठवत असतं.
म्हणून भिंतीत जरा तिरपा मारायचा.
मग सुटत नाही.

शफीभाईच्या भंगारात सोमवारी जायचं,
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाव नरम असतो.
जिनिंगातल्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या किलोवर घेतल्या,
वाकवून ताटाळं केलं.
ठिबकच्या फाटक्या नळ्या तर बांधावर फुकटच पडलेल्या,
त्या चिरून, ओवून, दाराला पडदा.
वारा आला की असा खडखडतो
जसं कोणी पऱ्हाट्या ओढत चाललंय अंगणातून.
निवडणुकीचा फ्लेक्स न्हाणीवर उलटा ताणला.
दुपारच्या उन्हात त्यातून
जोडलेले दोन हात पुसट दिसतात.
असू दे. पाच वर्षांत पहिल्यांदा
आमच्या कामी आलेत.

जुनं मातीचं घर पाडलं तेव्हाचे फुटके कवेलू
मोगऱ्याच्या आळ्याला उभे रोवले.
कासारणीच्या टोपलीतले चुड्यांचे तुकडे
चौकटीभोवती ओल्या मातीत दाबले,
हिरवे जास्त, लाल कमी, एक सोनेरी.

नणंद आली. म्हणाली,
"वहिनी, भंगाराचं दुकान काहाले मांडलं व घरात?"
मी चहा दिला.
जाताना तिने ताटाळं
दोनदा हलवून पाहिलं.

मग पट कमी म्हणून गावची शाळा बंद झाली
आणि सामानाचा लिलाव निघाला.
टिनं सरपंचाच्या भाच्याने घेतली,
घंटा कोणी नेली ते कळलंच नाही.
फळ्याला कोणी हात लावेना.
मी म्हटलं, "एकशेवीस."
कवडू माझ्याकडे बघत राहिला,
"पाव रोजी गेली न."

दोघांनी दोन टोकं धरून आणला.
राखेने घासला, तीनदा.
वाळला की कोरा काळा.
पण ओलं फडकं फिरलं की आतून उगवतं
डाखोरे गुरुजींचं अक्षर, शेवटच्या आठवड्यातलं:
सोमवार. एकूण पट ९. हजर ८. गैरहजर १.

रुचिता म्हणाली, "आई, ते मी व्हय."
मी विचारलं, कुठे होतीस त्या दिवशी?
"तुह्याच संगं. पट्ट्या उचलाले."

ताटाळ्यातलं एक ताट मी उगीच
काढून परत ठेवलं.

आता ती रोज सकाळी तारीख घालते.
एकूण पट ३, हजर ३.
कवडू मुक्कामी कामाला गेला की हजर २.
त्या दिवशी आकडा जरा मोठा काढते, का कोण जाणे.

काल इंजिनिअर साहेब आला, शेवटच्या हप्त्याचा फोटो काढायला.
मोबाइल उभा धरला, आडवा धरला,
"बाई, फळ्यासमोरून सरका. भिंत दिसली पाहिजे."
सरकले तर ताटाळं आलं.
त्याहून सरकले तर चुड्यांचे तुकडे चमकले.
भिंत काही सापडेना त्याला.
शेवटी न्हाणीमागे जाऊन
उघड्या विटांचा एक फोटो काढला
आणि वहीत लिहिलं, छपाई बाकी आहे.

बूट काढून आत आला, पाणी प्यायला,
चुड्यांवरून बोट फिरवत राहिला.
रुचिताने खडू घेतला,
हजर ३ च्या खाली लिहिलं,
पाहुणे १.