ओसवालशेठची कॅसेट

बियाणे कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव ओस्वाल्दो.
जालन्यात दुसऱ्या दिवशी ओसवालशेठ झालं.
सूर्यफुलाचं वाण घेऊन आले होते
रोसारिओ नावाच्या नदीकाठच्या शहरातून.
दोन हंगाम राहिले, शेंगदाण्याच्या चटणीला चटावले,
आणि जाताना माझ्या दुकानात एक कॅसेट विसरले.
की ठेवून गेले.
हे मी अजून ठरवलेलं नाही.

मामा चौकात माझं टेप भरून द्यायचं दुकान,
साठची दहा रुपये, नव्वदची पंधरा.
कव्हरावर चार पोरं, एक रिकामं स्टूल,
वर नाव : लोस उल्तिमोस सेरेनोस.
सेरेनो म्हणजे रात्री गावातून फिरणारा,
हातात कंदील, कमरेला किल्ल्या,
असं ओसवालशेठनं हातवारे करून सांगितलेलं.
म्हटलं, मग जागल्याच की.
शेवटचे जागले.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
शब्द एक कळेना. गिटार अशी, जशा पत्र्यावर गारा.
न्यू कोहिनूर ब्रास बँडचे मेहबूबमास्टर
पिक्चरची गाणी भरून न्यायला आले होते,
म्हणाले, परत लाव.
तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पेटीतून क्लॅरिनेट निघाली होती.

नव्व्याऐंशीच्या लग्नसराईत
मोती तलावापर्यंत ती चाल वाजत गेली.
कोणत्या पिक्चरची हो, मास्तर?
'लागायचाय अजून.'

दर साली चाल थोडी सरकायची.
संकरित बी दुसऱ्या वर्षी पेरलं
तर ना बापावर जातं ना आईवर,
हेही ओसवालशेठच सांगायचे.

एकच अडचण होती.
दर कडव्याला सगळं वाजणं थांबायचं,
चार मात्रा काहीच नाही,
नुसती टेपची खरखर.
सटवा हातागळे हलगी शेकत म्हणाला,
'हितं कोन झोपलंय का?'
आणि त्यानं ती जागा भरली.
अशी भरली, की वरातीतली पोरं
त्या चार मात्रांसाठीच उड्या राखून ठेवायची.

दोन हजार सहाला ओसवालशेठची मुलगी आली, इनेस.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं.
कॅसेट बघून खाली बसली.

सायकलच्या दुकानामागे सुरू झालेले ते पाच जण.
पहिल्या रेकॉर्डच्या तीनशे प्रती, हाताने चिकटवलेल्या.
मग अठ्ठ्याहत्तरची एक रात्र,
ड्रम वाजवणारा रुबेन,
तेविसाचा,
घरातून नेला. पायात सपाता होत्या.
पुन्हा कुणी पाहिला नाही.

त्यांनी दुसरा ड्रमवाला घेतला नाही.
तेरा वर्षं, चार रेकॉर्डी, परमुलखातली मैदानं,
आणि रोज रात्री स्टेजवर
ड्रम मांडलेले, काठ्या ठेवलेल्या, स्टूल मोकळं.
त्याच्या चार मात्रा आल्या की
चाळीस हजार माणूस गप्प.
आता गाणारा रंगाचं दुकान चालवतो, इनेस म्हणाली,
पण तिकडची नवी पोरं अजून
आपापल्या गाण्यांत तेवढी जागा सोडतात.
त्यांतल्या कित्येकांना कारण ठाऊक नसतं.

मी सटवाला सांगितलं.
तो कागद पेटवून हलगी शेकत होता.
कागद विझला, तरी धरूनच.
'सतरा वर्सं भरत आलो मी,' म्हणाला.
'इचारायचं तरी कुनाला?'

त्या रात्री कन्हैयानगरला वरात.
चाल आली, कडवं संपलं,
पोरांनी हात वर नेले,
सटवाची काठी वर गेली
आणि तिथंच राहिली.

एक.
घोड्यानं कान हलवले.
दोन.
नवरदेवाचा काका, ओवाळलेली नोट हवेत.
तीन.
जनरेटरची घरघर.
चार.

मग हलगी पडली. नेहमीपेक्षा जोरात.
पोरं नाचली, शिव्या देत.

इनेस कडेला उभी होती,
डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायांच्या रांगेजवळ.
एकीचा दिवा कलंडत होता,
तिनं तो सावरला,
आणि तशीच, हात लावून,
पुढच्या चौकापर्यंत चालत गेली.