समासातले ठिपके

स्मरणिकेसाठी चार ओळी द्या, म्हणाले,
हसुराम भोपींबद्दल.
मी टाइम ऑफिसचा कारकून,
बावीस वर्षं संघाची स्कोअरशीट लिहिली;
माणसं रकान्यात बसवणं हेच माझं काम.
पण हा बसत नाही.
कंपनीच्या बसमध्येही बसायचा नाही,
ड्रायव्हरमागच्या रिकाम्या जागेत
पाय दुमडून, टिकाव ठेवावा तसा ठेवलेला.

सहा फूट पाच. घणसोलीचा.
भाताची जमीन नव्या शहरात गेली,
तिच्या बदल्यात रबाळ्याला पिंपं हलवायची नोकरी,
आणि उंचीच्या बदल्यात, न विचारता,
अकरा नंबरचा बनियन.
बॉल पहिल्यांदा हातात आला चोविसाव्या वर्षी.
जाळ्यात भलतंच काही यावं
तसा त्याने तो उलटापालटा करून पाहिला.

आता कागद बघा.
सामने एकशे एक्केचाळीस.
सरासरी गुण सहा पूर्णांक चार.
फाउल चार, बहुतेक वेळा चार,
पाचवा करून बाहेर बसणं त्याला परवडायचं नाही,
आम्हाला तर नाहीच.
सुबोध कारखानीसची सरासरी तेवीस.
त्याचा फोटो कँटीनमध्ये लागला, हवेत, हात रिंगशी.
त्या फोटोत उजव्या कडेला
एक कोपर आहे.
ते हसुरामचं.

शीटवर रकाने ठरलेले असतात.
‘उभा राहिला’ असा रकाना नसतो.
कारखानीस वळसा घेऊन यायचा सुसाट,
आणि त्याच्या मागावरचा गडी
हसुरामच्या छातीवर येऊन थांबायचा,
बंद दारावर पाहुणा थांबावा तसा.
दोन गुण कारखानीसच्या नावावर.
मी पेन्सिलीने समासात एक ठिपका द्यायचो.
कुणी सांगितलं नव्हतं.
साहेबांनी एकदा विचारलं, ही काय घाण केलीय?
म्हटलं, टोक बघत होतो.

काल रात्री ते ठिपके मोजले.
चष्मा पुसून पुन्हा मोजले.
नऊशे बारा.

थोर होता असं मी लिहिणार नाही.
डावा हात त्याला शेवटपर्यंत आला नाही.
परत पळताना मैदान त्याला लांब पडायचं.
आणि अठ्ठ्याऐंशीची फायनल, ठाण्यात,
एका गुणाने मागे, सात सेकंद, दोन फ्री थ्रो.
पहिला रिंगच्या काठावर.
दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.
निवृत्तांच्या चहाला अजून एवढंच निघतं.
ते फ्री थ्रो मुळात मिळाले कसे
हे कुणी विचारत नाही:
कारखानीसचा चुकलेला बॉल
तिघं अंगाला लोंबकळत असताना
त्याने वरून उचलला होता.

परवा गेलो त्याच्याकडे.
गावठाणात सगळी दारं साडेसहा फुटी,
ह्याच्या एकट्याच्या घराची चौकट आठ.
गुडघे गेलेत. उठला तरी,
खुर्चीच्या पाठीला धरून, एकेक मजला चढल्यासारखा.
मी वही पुढे केली, ठिपके दाखवले,
म्हटलं, हे तुझे. नऊशे बारा.
त्याने वही लांब धरली, मग आणखी लांब;
त्याचा हात संपेपर्यंत बराच वेळ गेला.
अंगठ्याने एक ठिपका चोळला.
पुसला गेला.
“ह्ये त्यांचं,” म्हणाला, “त्यांना दे.
ठाण्यातलं दोन गेलं, त्ये लीव.
त्येच माजं व्हतं.”

आतून नातीने पोह्यांची बशी आणली,
आणि तिला वाट मिळावी म्हणून
तो एक पाऊल बाजूला झाला,
पाय रोवून, हात छातीशी,
असा की मागची मांजर
मधे येऊच शकली नाही.

खिशात पेन्सिल होती.
वही त्याच्याच हातात.

घ्या, चार ओळींच्या वर गेलं.
अकराशे तेरा ठिपके असते
मी प्रत्येक शीट नीट ठेवली असती तर;
हा आकडा माझ्या अंदाजाने आहे, छापू नका.